लिंबू उडून गेल्यावर काय उरतं

मंडळी, आज बोलायचंय ते संत्रं, बर्गमॉट, ग्रेपफ्रूट वर (म्हणजे मारल्या मारल्या येणारा वास) आणि वेलची, मिरी, लवंग खाली (म्हणजे नंतर उघडणारा) अशा परफ्युमबद्दल. दुकानात टेस्टर मारायचा, एकदा हुंगायचं आणि आवडला की पॅक करा म्हणायचं, बहुतेक जण असंच करतात, आणि नेमकं याच जातीच्या परफ्युमला ते चालत नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांत जे छान वाटतं ते जवळपास सगळं सालीचं असतं आणि साल थांबत नाही.

संत्र्याच्या सालीच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त एकटं लिमोनिन असतं. हलका रेणू, अंगाच्या उबेनं भराभर उडतो, म्हणून तर सुरुवातीला एवढा खणखणीत येतो. बर्गमॉट जरा वेगळं, दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या किनाऱ्यावर होणारं फळ, अर्ल ग्रे चहाला वास असतो तो याचाच. त्यात लिमोनिन बरंच कमी आणि लिनालिल अ‍ॅसिटेट भरपूर, त्यामुळे वास मऊ, थोडा फुलांकडे झुकणारा. पण तेही फार वेळ राहत नाही.

आता मसाला. आपल्याला वाटतं मसाला म्हणजे जड आणि टिकाऊ, पण तसं सरसकट नाहीये. मिरीच्या तेलात लिमोनिन आणि पायनिन (तसंच हलकं, पाइनच्या झाडासारख्या वासाचं द्रव्य) चिक्कार असतात, म्हणजे ती लिंबाच्या जोडीनंच येते आणि बरीचशी त्याच्याच मागे निघून जाते, आणि जिभेला झोंबणारं पायपरिन वाफेबरोबर येतच नसल्यामुळे तिखटपणाही नसतो, फक्त कोरडा सुका करकरीत वास. वेलचीत सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलातलं द्रव्य, असतं म्हणून ती थंडावा देते. लवंगेतलं युजेनॉल मात्र तासन् तास बसून राहतं. मला विचाराल तर परफ्युम बनवणाऱ्याचं कसब इथेच कळतं, साल उडते आणि मसाला अजून पुरता उघडलेला नसतो त्या मधल्या वेळात. कच्चं काम असेल तर तिथे भोक पडतं, किंवा लवंग-दालचिनी एकदम अंगावर येते आणि आधीच्या संत्र्याशी तिचं काही नातंच लागत नाही.

झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच परफ्युमरची दोन कामं यासाठी जरूर लावून बघा. 1998 चं कार्तिएचं देक्लारासियाँ, यात बर्गमॉट आणि कडू संत्र्याला वेलचीचा जोड आहे, आणि वेलची स्वतःच अर्धी लिंबाकडची असल्यामुळे एक कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. जिऱ्यासारखा एक घामट वासही त्यात जाणवतो, काहींना तो अजिबात सहन होत नाही, मला त्याच्यामुळेच ते माणसाच्या अंगाचं वाटतं. दुसरं 2006 चं तेर द'एर्मेस. वर संत्रं आणि ग्रेपफ्रूट, मध्ये मिरी, खाली व्हेटिवर म्हणजे आपला वाळा आणि देवदाराकडे झुकणारं लाकूड. वाळ्यात मुळात ग्रेपफ्रूटची एक छटा असते, त्यामुळे खरं फळ उडून गेल्यावरही दुपारपर्यंत फळाचा भास राहतो. किती हुशारीनं केलंय हे!

तर पारखायचं कसं? कागदाच्या पट्टीवर आधी घ्या, पण निर्णय त्यावर घेऊ नका, कागदाला ऊब नसते. एका मनगटावर एकच परफ्युम, चोळायचं नाही, आणि दुकानातून बाहेर पडायचं. वीसेक मिनिटांनी, मग दोन तासांनी, मग संध्याकाळी, असं हुंगा. मध्ये सारखं नाक लावून बसलात तर नाक त्या वासाला सरावतं आणि तुम्ही म्हणता उडाला, तेव्हा शेजारच्याला तो व्यवस्थित येत असतो, म्हणून घरच्यांना विचारा. आणि "किती तास टिकतो" हा प्रश्न आधी विचारू नका हो, प्लीज. बारा तास टिकणारा कंटाळवाणा वास घेऊन काय करायचंय, चार तास सुंदर असेल तर खिशात छोटी बाटली ठेवा आणि परत मारा.

आपल्याकडच्या हवेचंही बघायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात साल अजून लवकर उडते आणि खालचा भाग लगेच वर येतो, म्हणून तिथे वेलची-मिरीवाले बरे, लवंग-दालचिनीवाले डिसेंबरसाठी ठेवा. मुंबईच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत दोन स्प्रे पुष्कळ होतात, शर्टाच्या आत छातीवर मारा, गळ्याला नको.

त्वचेचंही सांगते. बर्गमॉटच्या कच्च्या तेलात बर्गॅप्टेन असतं, ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग राहतात. चांगल्या परफ्युममध्ये बर्गॅप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात, पण सुटं तेल आणून घरी प्रयोग करणाऱ्यांनी ते अंगाला लावूच नये. आणि लिमोनिन हवेनं, उजेडानं जुनं झालं की त्यातून अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात, त्यामुळे बाटली खिडकीत किंवा बाथरूममध्ये न ठेवता कपाटात अंधारात ठेवा, आणि जुन्या बाटलीतून ताज्या सालीऐवजी टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला तर कितीही महाग असली तरी अंगावर मारू नका.