पॅटीबाईंची रोजकीर्द

१० फेब्रुवारी १८४६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या नॉवू गावी, सिल्विया नावाच्या लेकीने आपल्या आईला एक कोरी वही दिली. आईने, म्हणजे पॅटी बार्टलेट सेशन्स यांनी, पहिल्याच पानावर लिहून ठेवले, की ही वही सिल्वियाने मला दिली, ती माझी आहे, आणि आज माझे वय एक्कावन्न वर्षे सहा दिवस आहे. त्याच आठवड्यात त्या बैलगाडीत बसून नदी ओलांडून पश्चिमेकडे निघाल्या. लेक आणि जावई मागेच राहिले.

त्या वहीला पॅटीबाईंनी ‘डे-बुक’ म्हटले आहे. आपल्या पेढ्यांच्या आणि दुकानांच्या भाषेत सांगायचे तर ही रोजकीर्द, आणि ती वाचताना हा शब्द किती नेमका आहे ते पटत जाते. आज किती मैल चाललो, पाऊस होता की बर्फ, कोणाच्या तंबूत कोणती बाई बाळंत झाली, मुलगा झाला की मुलगी, काय शिवले, काय विणले, असा दिवसाचा जमाखर्च त्या मांडत जातात, आणि मधूनच एखाद्या ओळीत त्यांचे मन असे उघडे पडते की वाचणाऱ्याला पुढचे पान उलटणे कठीण जाते. मॉर्मन पंथातल्या बहुपत्नी विवाहाबद्दल अमेरिकेत त्या काळी भाषणे, पत्रके आणि कायदे यांचा पूर आला होता. मला मात्र त्या विवाहात राहणाऱ्या बाईचे बोलणे ऐकायचे आहे, आणि ते या वहीइतके जवळून मला दुसरीकडे ऐकू आलेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. मिझुरीतून हाकलले गेल्यावर अनुयायांनी नॉवू वसवले, आणि १८४४ मध्ये तुरुंगात असलेल्या स्मिथ यांची जमावाने हत्या केली. पुढे अनुयायांना नॉवूही सोडावे लागले; पॅटीबाईंचा १८४६ चा प्रवास तो हाच. बायबलच्या जुन्या करारातल्या कुलपुरुषांप्रमाणे एकाहून अधिक पत्नी करणे ही ईश्वराज्ञा आहे, असे स्मिथ यांनी विश्वासातल्या माणसांना शिकवले होते. त्या विवाहाच्या विधीला ‘सीलिंग’ म्हणत, आणि तो बंध मरणानंतरही टिकतो अशी श्रद्धा होती. पंथाने ही प्रथा जाहीरपणे मान्य केली ती १८५२ मध्ये. म्हणजे पॅटीबाईंनी या विवाहपद्धतीतली सुरुवातीची, आणि माझ्या मते सर्वांत अवघड, दहा वर्षे गुप्ततेत काढली. ९ मार्च १८४२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे स्वतः जोसेफ स्मिथ यांच्याशी सीलिंग झाले. त्या वेळी डेव्हिड सेशन्स यांच्याशी त्यांच्या लग्नाला तीस वर्षे होत आली होती, आणि पुढेही त्यांनी डेव्हिड यांच्याशीच संसार केला. ही गोष्ट कोणा विरोधकाने उठवलेली नाही. विधी कोणी केला, कोणाच्या घरातल्या खोलीत केला आणि लेक सिल्विया तिथे हजर होती, हे सगळे त्यांनी नंतर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.

डेव्हिड यांच्याशी लग्न झाले ते १८१२ मध्ये, मेन राज्यात. पॅटीबाईंची सासू सुईण होती आणि तिच्या हाताखाली सून हे काम शिकली. पोटी आठ मुले झाली, त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. इतरांची मुले सुखरूप जगात आणणाऱ्या या बाईने स्वतःची किती पुरली, हे लक्षात ठेवून तिच्या वहीतल्या कोरड्या वाटणाऱ्या ओळी वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे.

१८४५ मध्ये डेव्हिड यांनी रोझिला कोवन नावाच्या तरुण स्त्रीशी दुसरे लग्न केले. पुढच्या वर्षी वाटेवरच्या तळावर ती या कुटुंबात राहायला आली, आणि तिथून वहीचा सूर बदलतो. पॅटीबाईंची ऑगस्टमध्ये इतकी आजारी अवस्था होती की त्या वाचतील असे कोणाला वाटत नव्हते. अंगात ताकद नाही, डोक्यावर घराचे छप्पर नाही, आणि जी आली आहे ती कामाला हात लावत नाही, उलट नवरा तिच्या बाजूने बोलून आपल्यालाच दोष देतो, अशी त्यांची तक्रार आहे. एके दिवशी त्या लिहितात, की मी न्याहारी केली, पण माझ्यात दुःख इतके भरले आहे की अन्नाला जागाच उरली नाही, आणि थोड्याच वेळात ते उलटून पडले. मी ही ओळ अनेकदा वाचली आहे. ज्या विवाहाला त्या ईश्वराची आज्ञा मानत होत्या, स्वतः जिच्यात उभ्या होत्या, ती आज्ञा दुसऱ्या बाजूने, नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या रूपाने घरात आली तेव्हा त्यांच्या पोटात अन्न ठरेना. श्रद्धा मात्र ढळली नाही, आणि दुःखाने श्रद्धेला जागा करून दिली असेही झाले नाही; त्या वहीत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. हिवाळा सुरू होताना रोझिला नॉवूला परत निघून गेली.

इथे आपल्या मनात ‘सवत’ हा शब्द येणे स्वाभाविक आहे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला कायद्याने बंदी झाली ती १९४६ मध्ये, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या पणजी-आजींनी हा शब्द जगून पाहिलेला आहे. तरी मला तो इथे अपुरा वाटतो. आपल्याकडे सवत बहुधा मुलगा हवा म्हणून किंवा पुरुषाच्या मर्जीने येई. मॉर्मन स्त्रीला मात्र सांगितले जाई की सवतीचा स्वीकार हा तिच्या स्वतःच्या मोक्षाचा मार्ग आहे. म्हणजे रागावण्याचा हक्कसुद्धा तिला स्वतःशीच भांडून मिळवावा लागे. रोझिलाची बाजू सांगणारी वही आपल्यापुढे नाही, आणि तीही त्या थंडीत परक्या माणसांत एकटीच होती, हेही विसरून चालणार नाही.

तो हिवाळा त्यांनी मिझुरी नदीकाठी, आजच्या ओमाहाजवळ, विंटर क्वार्टर्स या तळावर काढला. तिथे शेकडो माणसे आजारांनी दगावली, आणि तिथेच पॅटीबाई रात्री-अपरात्री एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत बायकांना सोडवायला जात राहिल्या. १८४७ च्या उन्हाळ्यात, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी चार बैलांची गाडी स्वतः हाकत हजार मैलांची वाट तुडवली. सप्टेंबरअखेर आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे मॉर्मन लोकांच्या नव्या वसाहतीत, पोचताच लोरेन्झो यंग यांच्या पत्नी हॅरिएट त्यांच्या हातून बाळंत झाल्या. त्या दिवशीच्या नोंदीत एरवी न दिसणारा अभिमान आहे: या विसाव्याच्या भूमीत जन्मणारा पहिला मुलगा तुझ्याच हातांत येईल असे मला पाच महिन्यांपूर्वी सांगितले होते, आणि ते सांगितल्यापासून मी हजार मैलांहून अधिक चालून ते करायला आले आहे.

१८५० मध्ये डेव्हिड यांनी पुन्हा एक लग्न केले, हॅरिएट टीपल्स विक्सम हिच्याशी, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात पॅटीबाईंनी वेल्समधून आलेल्या जॉन पॅरी यांच्याशी विवाह केला. टॅबरनॅकलच्या, म्हणजे तिथल्या मॉर्मन सभागृहाच्या, गायनवृंदाचे हे पहिले संचालक. या लग्नाची नोंद करताना पॅटीबाई लिहितात, की आता माझी लाकडे फोडायला कोणीतरी आहे, याबद्दल मी परमेश्वराचे आभार मानते. ही ओळ वाचून लोक हसतात. पण ज्या घरात चूल आणि शेकोटी दोन्ही लाकडावर, जिथे हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत येतो, आणि घरातली एकुलती बाई सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असून मध्यरात्री हाक आली की बाळंतिणीकडे निघते, तिथे फोडलेली लाकडे ही फार मोठी गोष्ट आहे. नवऱ्याकडून काय मागायचे हे अनुभवाने ठरवलेल्या बाईचे ते वाक्य आहे. १८५४ मध्ये पॅरी यांनीही दुसरी पत्नी केली आणि ते बहुतेक काळ तिच्याकडेच राहिले. पॅटीबाईंनी आपले पोट आपणच भरले.

त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी आयुष्यात ३,९७७ बाळंतपणे केली. एका नवऱ्याच्या दोन-तीन बायकांच्या वेगवेगळ्या दारांतून आत जाणारी ही सुईण होती. कोणत्या घरात सरपण आहे आणि कोणत्या घरात नवरा महिनोन्‌महिने फिरकलेला नाही, हे तिला चर्चच्या नेत्यांपेक्षा आणि वॉशिंग्टनच्या कायदेकर्त्यांपेक्षा अधिक ठाऊक असणार. १८६२ पासून त्या कायदेकर्त्यांनी या विवाहांविरुद्ध एकामागून एक कायदे केले, आणि १८९० मध्ये चर्चने नवे बहुपत्नी विवाह थांबवत असल्याचे जाहीर केले. दरम्यान पॅटीबाई फळझाडे लावत होत्या, रोपे विकत होत्या, गालिचे विणत होत्या, चर्चच्या सहकारी भांडाराचे शेअर घेत होत्या.

उतारवयात त्या थोरला मुलगा पेरेग्रीन याने वसवलेल्या बाउंटीफुल गावी राहायला गेल्या. १८८३ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी तिथे स्वतःच्या पैशाने एक शाळा बांधली. तिच्यावर नाव ना डेव्हिड यांचे होते, ना पॅरी यांचे. ती पॅटी सेशन्स अकादमी होती, आणि तिथे त्यांची नातवंडे आणि गावातली गरिबांची मुले फी न देता शिकत.