पाण्यात उतरलेले सार

रसिकहो, सूप म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लग्नसमारंभातले, कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले टोमॅटोचे सूप येते. माझ्या या आवडीची सुरुवात मात्र होळीच्या दिवशी, सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात झाली. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजली की आई ती चाळणीवर ओतत असे, आणि चाळणी लगेच न उचलता, डावाच्या पाठीने डाळ किंचित दाबून, खालच्या पातेल्यात शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबत असे. त्या पिवळसर, गढूळ पाण्याला आपण कट म्हणतो. त्यात घोटलेली मूठभर डाळ, चिंचेचा कोळ, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे आणि जिऱ्याचे वाटण, काळा मसाला, गुळाचा खडा पडून वर कढीपत्त्याची फोडणी बसली की घरभर जो वास सुटे, त्यापुढे मला पुरणपोळीचेही अप्रूप वाटत नसे. डाळीची चव पाण्यात उतरते आणि ते पाणी टाकायचे नसते, हे मला तिथे कळले. अर्कालाही सार म्हणायचे आणि भातावर घ्यायच्या पातळ पदार्थालाही सारच म्हणायचे, ही आपल्या भाषेची मला फार आवडणारी गोष्ट आहे. पुढे रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, परिषदांच्या निमित्ताने काही देश पाहता आले, आणि जिथे गेले तिथे मी पहिल्यांदा हेच शोधत राहिले, की इथली माणसे पाण्यात काय उतरवतात.

जपानमधल्या क्योटोत एका सहकाऱ्याच्या घरी त्याच्या आईने मला दाशी, म्हणजे तिथल्या सुपांचे मूळ असलेले चवदार पाणी, करून दाखवली. कोंबू नावाचे वाळवलेले समुद्रशेवाळ तिने धुतले नाही, ओल्या फडक्याने नुसते पुसले, कारण त्याच्यावरच्या पांढऱ्या भुरीतही चव असते. रात्रभर थंड पाण्यात भिजलेला तो तुकडा तिने सकाळी मंद आचेवर ठेवला आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसताच, उकळी फुटण्याआधी, बाहेर काढला. उकळू दिला तर पाणी बुळबुळीत होते आणि उग्र लागते. मग धुरी देऊन सुकवलेल्या बोनिटो माशाच्या, कागदासारख्या पातळ चकत्या पाण्यात पडल्या आणि मिनिटा-दोन मिनिटांत फडक्यातून गाळल्याही गेल्या. माझा हात सवयीने ते फडके पिळायला पुढे झाला, तेव्हा तिने तो हलकेच थांबवला. पिळले की पहिल्या दाशीचा नितळपणा जातो. आई डाळ दाबत होती, ही बाई फडक्याला हात लावू देत नव्हती. पण वापरलेला कोंबू आणि चकत्या तिनेही फेकल्या नाहीत. त्या पुन्हा पाण्यात मंद उकळून तिने दुसरी दाशी काढली आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपासाठी ठेवली. १९०८ साली टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूतून ग्लुटामेट वेगळे करून त्याच्या चवीला ‘उमामी’, म्हणजे रुचकरपणा, हे नाव दिले, आणि १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना बोनिटोमध्ये इनोसिनेट सापडले. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव नुसती बेरजेने न वाढता कित्येक पटींनी वाढते, हे त्यानंतर सिद्ध झाले. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असते, म्हणून आपले टोमॅटोचे सार इतके पातळ असूनही तोंडात भरून राहते.

कोल्हापुरात मटण शिजवलेले, मसाला न पडलेले अळणी पाणी लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना आधी वाटीभर देतात आणि मग उरलेल्याचा पांढरा रस्सा होतो. हाडा-सांध्यांतले कोलॅजेन मंद आचेवर विरघळून त्याचे जिलेटिन होते, त्यामुळे ते पाणी प्यायल्यावर ओठ किंचित चिकटतात. पाणी चांगले उतरल्याची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही. उलट मद्रासच्या इंग्रजांनी आपल्या दक्षिणी शेजाऱ्यांचे मिळगु-तण्णीर, म्हणजे मिरीचे पाणी, उचलले, त्यात मांस घातले, पिठाने ते दाट केले आणि त्याला मलिगटॉनी म्हटले. नावात पाणी राहिले, वाडग्यातून ते गेले, याचे मला खरोखर वाईट वाटते.

युक्रेनच्या बोर्श्चचे नाव मुळात बीटावरून आलेले नाही. एका रानटी पालेभाजीवरून आले आहे, जी पूर्वी आंबवून रांधत. बीट नंतर आले, आंबटपणा मात्र टिकला, आणि बीटाचा लाल रंग शिजतानाही टिकतो तो त्या आंबटपणामुळेच. २०२२ साली युद्ध चालू असताना युनेस्कोने या सुपाच्या परंपरेची नोंद तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत केली.

मला सर्वांत जास्त हलवून सोडणारे सूप हैतीचे आहे. तिथे फ्रेंच मळेवाल्यांच्या घरी आफ्रिकेतून आणलेले गुलाम लाल भोपळ्याचे सूप रांधत, पण ते त्यांनी चाखायचे नाही, असा दंडक होता. भोपळा त्यांनी चिरायचा, चूल त्यांनी सांभाळायची आणि वाडगा मात्र मालकापुढे जायचा. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला, आणि त्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक १ जानेवारीला घरोघरी सूप जूमू होते. भोपळ्याच्या गरात मांस, कोबी, गाजर, बटाटा, मॅकरोनी आणि झणझणीत मिरची पडते, आणि वाडगे शेजारीपाजारी पोचवले जातात. २०२१ साली या सुपाची नोंद युनेस्कोच्या वारसायादीत झाली. ते वाचले त्या रात्री मला आमच्या होळीच्या पंगती आठवल्या. आमची गुलामी नव्हती आणि ती तुलना मी करणार नाही. पण पाट मांडले की आधी पुरुष बसत, मग मुले, आणि कट निथळणारी आई सर्वांत शेवटी. तोवर आमटीत दोनदा पाणी घातलेले असे. ती तेच वाढून घेई आणि ‘छान झालीय’ म्हणे.

गेल्या होळीला आमच्याकडे डाळ माझ्या मुलाने शिजवली, चाळणीवर ती दाबून कटही त्यानेच काढला. आमटीला पहिली उकळी आली तशी पहिली वाटी आम्ही त्याच्या हातात दिली, आणि तो चुलीपाशी उभ्या-उभ्याच ती प्यायला.