चौथा पिस्टन

(पडदा काळा. पान्याने बोल्ट सैल होतानाचा आवाज.)

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टेबलावर आलंय. मिस्त्री हेड उचलतात आणि टॉर्च जवळ धरतात.

तीन पिस्टनांच्या माथ्यावर नेहमीचा काळा कार्बन आहे. चौथ्याची एक कड मात्र मेणासारखी पाघळलीय. मिस्त्री त्यावर बोट ठेवतात. "हितनं गेलंय बघा. आधी रिंग अडकली, मग ह्यो वितळला."

या गाडीच्या डिकीत नायट्रस ऑक्साइडची बाटली बसवलेली होती.

(दृश्य: बाटली, पितळी व्हॉल्व्ह, पुढे बॉनेटपर्यंत गेलेली जाळीची नळी.)

हा वायू स्वतः जळत नाही. तो ऑक्सिजन पुरवतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, या वायूत ३६ टक्के. सिलिंडरातल्या उष्णतेत त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटतानाही उष्णताच बाहेर पडते. ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. ताकद येते ती त्या जादा पेट्रोलमधून. ते मापात आणि वेळेवर पोचलं नाही, तर हातात नुसती आग उरते.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत, विमानं.)

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ही युक्ती लढाऊ विमानांत वापरली. जीएम-१ हे तिचं नाव. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाचा दम जातो. गेलेला दम परत द्यायला ती बाटली होती. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन आधीच पोटभर हवा घेतं. १०० अश्वशक्तीच्या इंजिनावर आपण ५० चा शॉट, म्हणजे नायट्रसची ५० अश्वशक्तीची भर, चढवतो, तेव्हा पिस्टन, त्याला क्रँकशी जोडणारे रॉड, गॅस्केट सगळे कंपनीतून आले तसेच असतात.

आता चारही प्लग शेजारी शेजारी बघा.

पहिल्याचं पोर्सिलेन फिकट तपकिरी आहे. चौथ्याचं टोक झडलंय, आणि पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक चमकदार ठिपके दिसताहेत. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. चौथंच सिलिंडर का? या किटमध्ये एकच नोझल सगळ्या सिलिंडरांसाठी फवारा मारतं. सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, वळणावर वायू सहज वळतो, पेट्रोलचे जड थेंब वळत नाहीत. चौघांना सारखा वाटा मिळेलच असं नाही. ज्याला वायू पुरेपूर आणि पेट्रोल कमी मिळतं, ते सिलिंडर तापतं. ६,००० आरपीएमला एका सिलिंडरात सेकंदाला ५० वेळा स्फोट होतो. म्हणजे अर्धा सेकंद पेट्रोल कमी पडलं, तरी २५ वेळा.

त्यात टायमिंग. नायट्रसवर ज्वाला झपाट्याने पसरते, म्हणून ठिणगी उशिरा टाकावी लागते. ढोबळ हिशेब ५० अश्वशक्तीमागे क्रँकच्या फिरण्यातल्या दोन अंशांचा. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, डिकीतल्या बाटलीची खबरच नसते. ठिणगी जुन्याच वेळी पडते आणि उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ज्वाला २,००० च्या वर असते. एरवी पिस्टन वाचतो तो माथ्यालगतच्या वायूच्या पातळ थरामुळे. नॉकिंग तो थरच उडवून लावतं.

(दृश्य: मिस्त्री पिस्टनची रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, बसवून फीलर गेजने फट मोजतात.)

रिंगच्या दोन टोकांमधली ही फट नीट बघा, मिलिमीटरचा अंश आहे. रिंग तापली की फुगते, फट मिटते, टोकं एकमेकांना भिडतात. मग रिंग बोअरला घट्ट धरते आणि पिस्टनची कड उपटते. मिस्त्रींनी न विचारता सांगितलं ते हेच.

आणखी एक. बटण दाबलं की वायू सेकंदाला ठरावीकच वाहतो, इंजिन हळू फिरो की जोरात. म्हणून २,५०० आरपीएमला दर स्फोटामागचा डोस ५,००० च्या दुप्पट होतो. रॉड वाकतात ते इथे.

(दृश्य: दुपारचं ऊन, बंद गाडी, बाटलीवरचा काटा.)

एप्रिलची दुपार. हा काटा सावकाश चढतोय. नायट्रस ऑक्साइड फक्त ३६.४ अंशांपर्यंत द्रव राहू शकतो. त्यापुढे कितीही दाबा, द्रव होत नाही. किटचे जेट, म्हणजे प्रवाह मापणारी बारीक भोकं, साधारण ९०० ते ९५० पीएसआय दाब धरून निवडलेले असतात. डिकी तापली की दाब वाढतो, घनता बदलते, पेट्रोलचा जेट मात्र तेवढाच राहतो. थंड देशांत बाटलीला गरम पट्टा गुंडाळतात. आपल्याकडे तिला सावलीत ठेवावं लागतं, आणि हे किट विकणाऱ्यानं सांगायला हवं. विकतानाच सांगायला हवं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार चालत नाही. दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाचं इंजिन काम निघालं, गाडी उभी आहे.

(दृश्य: पुढचा भाग संथ. मागे लेथचा आवाज.)

धुऊन घेतलेले तीन पिस्टन कागदावर ओळीने मांडलेत. चौथा बाजूला. बोअरवर ओरखडे आहेत, नख अडकतं. मिस्त्रींनी खडूने ब्लॉकवर माप लिहिलं. दोघांनी तो हातगाडीवर चढवला, आणि हातगाडी पलीकडच्या गल्लीत बोअरिंगला निघाली.