पुस्तकावरचं नाव

नमस्कार, श्रोतेहो. जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी पुठ्ठ्याची आतली बाजू बघतो. तिथे कधी जांभळा रबरी शिक्का असतो, कधी टाकानं लिहिलेलं नाव आणि खाली 'मुक्काम नाशिक', तर कधी चौकटीत छापलेलं मालकाचं लेबल. आज या लेबलांविषयी बोलायचं आहे.

आपल्याकडे पोथी नकलून झाली की शेवटी एक श्लोक लिहायची रीत होती. 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥' तेल, पाणी, सैल बांधणी यांपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथी स्वतःच बजावते. हातानं पानन् पान उतरवणाऱ्यांची ही धास्ती रास्तच होती.

छापील लेबलं आली ती जर्मनीत, पंधराव्या शतकात. हिल्प्रांड ब्रांडेनबुर्ग यांनी १४८०च्या सुमारास बुक्सहाइमच्या मठाला पुस्तकं दिली. त्यांत लाकडी ठशानं छापून हातानं रंगवलेलं लेबल होतं: ढाल धरलेला देवदूत आणि ढालीवर बैल. पुस्तक दिल्यावरही देणाऱ्याची खूण त्यात राहिली. पुढे जर्मन चित्रकार ड्यूररनं आपला मित्र पिर्कहायमर याच्यासाठी लेबल तयार केलं. त्यावर लॅटिनमध्ये मजकूर होता, 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी'. मालकी सांगतानाच मित्रांचाही हक्क मान्य करणारं हे लेबल मला सगळ्यांत मोठ्या मनाचं वाटतं.

आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४० सालचं. अशा गावात घरोघरी आजोबा-पणजोबांची पुस्तकं निघतात. वाडा पाडताना, घर बदलताना ती वाचनालयात किंवा रद्दीत जातात, आणि देण्याआधी नावाचं पान फाडलं जातं. कृपा करून ते फाडू नका. ते पुस्तक कोणत्या घरात वाचलं गेलं, हे सांगणारा तेवढाच कागद असतो.

नवं लेबल लावायचं असेल तर चिकटपट्टी नको. ती पिवळी पडते, पानाला डाग देते. मैद्याची पातळ खळ बोटानं लावा, वर कोरा कागद ठेवून पुस्तक दाबून ठेवा, आणि पूर्ण वाळल्यावरच कपाटात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरेल. लेबलावर नाव, गाव, साल लिहा. आधीचं कुणाचं लेबल असेल तर तुमचं त्याच्या शेजारी लावा, त्याच्यावर नको.