दम वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित.)

मैदानावर राउंड मारून आलेला पोरगा कमरेवर हात ठेवून धापा टाकत असतो आणि बाजूचा त्याला सांगतो, "जोरानं घे बे श्वास, ऑक्सिजन भेटते." हे पहिलं डोक्यातून काढा. करोनात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं, आठवतं? निरोगी माणसाचा आकडा ९५च्या वरच असायचा. म्हणजे बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. त्यावर कितीही हवा ओढा, भर पडत नाही.

मग जीव कासावीस का होतो? तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून. श्वास घ्यायचा हुकूम मेंदू मुख्यतः त्याच्यावरून देतो. उगाच भराभर श्वास घेतले की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. उन्हाळ्यात विहिरीवर बुडी मारायच्या पैजा लागतात, तिथं हे नीट ध्यानात ठेवा. बुडीआधी दहा-वीस श्वास भराभर घेणारा पोरगा पाण्याखाली जास्त टिकतो खरा. पण ऑक्सिजन संपत आला तरी वर यायची ओढ त्याला लागत नाही आणि तो आतच बेशुद्ध पडतो. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. असली पैज लावायचीच नाही.

आता थोडा हिशेब. आरामात घेतलेल्या एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते, तिचा रक्ताला उपयोग नाही. मिनिटाला असे १२ श्वास घेतले तर कामाची हवा ४२०० मिलिलिटर. तीच सहा लिटर हवा २४ उथळ श्वासांत घेतली तर एका श्वासाला २५०, त्यातले १५० वाया. हाती राहतात फक्त २४००. शेतात विजेची लाइन दर पाच मिनिटांनी गेली तर काय होतं? मोटर चालते, पाइप भरतो, अन् पाणी धुऱ्यापर्यंत पोचायच्या आत सगळं बंद. मेहनत तेवढीच, ओलित काही नाही.

म्हणून श्वास पोटातून घ्यायचा. उताणे झोपा, एक हात छातीवर, एक बेंबीवर. श्वास घेताना बेंबीवरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा फारसा हलू नये. छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली सरकतो म्हणून पोट वर येतं. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. आता मनगटाची नाडी धरा. श्वास सोडताना ती जराशी हळू होते, बहुतेकांना हे बोटाला कळतं. रात्री झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं हे करा. भरतीच्या आदल्या रात्री तर कराच.

नाकानं घेतलेली हवा गाळून, ओलसर आणि कोमट होऊन आत जाते. शिवाय नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो हवेबरोबर फुफ्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. (तोंडात तंबाखूचा खर्रा धरून बसणाराही नाकानंच श्वास घेतो, पण त्याला मी व्यायाम म्हणणार नाही.)

भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. बहुतेकांचा घोळ पहिल्याच राउंडला होतो. शिट्टी वाजली की सुसाट, अन् तिसऱ्या राउंडला पाय दगड. सरावात हळू धावायच्या दिवशी फक्त नाकानं श्वास घेऊन धावून पाहा. तोंड उघडावं लागलं तर वेग जास्त आहे असं समजा. परीक्षेच्या दिवशी मात्र हा हट्ट नको. पूर्ण जोरात धावताना नाक पुरत नाही, तोंडही वापरा. बरगडीखाली कळ आली तर वेग थोडा उतरवा आणि श्वास लांब सोडा. धावण्याआधी पोटभर खाऊ नका, ढसाढसा पाणी पिऊ नका.

एक खरं सांगतो. श्वासाच्या व्यायामानं फुफ्फुसं मोठी होत नाहीत. दम वाढतो तो महिनोन्महिने धावून, हृदय आणि पायांचे स्नायू तयार झाल्यावर. नीट श्वासानं त्या मेहनतीची नासाडी थांबते, एवढंच. दम्याचा पंप असेल तर प्राणायाम सुरू केला म्हणून तो बंद करायचा नाही. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांनी नाकातोंडावर मास्क बांधा. कापसाचा धुरळा श्वासनळ्या आवळतो.

आणि सराव करूनही कोणाला पहिल्याच राउंडला फार धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असेल तर ऑक्सिजन वाहून न्यायलाच माणसं कमी आहेत, श्वास काय करणार? विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्याचीही तपासणी तिथंच होते. सिकलसेल निघाला तर उन्हात, तहानलेल्या पोटी जीव तोडून धावणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांशी बोला, मग मैदानावर या.