सा-प-सा-प लावलेलं फिडल: राउंड पीकचं ओल्ड-टाइम संगीत कसं टिकलं?

(कॅमेरा फिडलच्या घोडीवर. चारही मोकळ्या तारा एकेक करून वाजतात.)

ऐकलंत? खालून वर सा, प, सा, प. सा आहे पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य नावानं ए. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, कारण तिथं व्हायोलिन असंच लावतात. हे वाद्यही व्हायोलिनच, पण अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांमधल्या पद्धतीनं लावलंय, आणि तिथं त्याला फिडल म्हणतात. दोन्हीकडे कारण एकच आहे. एक तार वाजवली की शेजारच्या मोकळ्या तारेनं सुराला आस दिली पाहिजे.

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे ओल्ड-टाइम संगीत आणि ते सांभाळणाऱ्या माणसांचं आयुष्य. उदाहरण घेऊ टॉमी जॅरेल यांचं. जन्म 1901, नॉर्थ कॅरोलायनाच्या सरी काउंटीतलं राउंड पीक. ही वस्ती माउंट एअरी या गावाजवळ, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून आहे. इथल्या वाजवण्याच्या ढंगालाही राउंड पीक असंच म्हणतात.

आधी एक गोंधळ दूर करू. ओल्ड-टाइम म्हणजे ब्लूग्रास नव्हे. ब्लूग्रास 1940च्या दशकात बिल मन्रो यांच्या बँडमधून घडलं. त्यात एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो, बाकीचे साथ करतात. ओल्ड-टाइम त्याच्या आधीचं, आणि ते नाचासाठी होतं. फिडल आणि बंजो एकच चाल सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकत्र वाजवतात. फिडल स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून आलेल्यांनी आणलं. बंजो आला गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. भोपळ्यावर कातडं ताणलेली, लांब दांड्याची ही वाद्यं पश्चिम आफ्रिकेत होती. सेनेगल-गांबिया भागातलं अकोंटिंग आजही तसंच आहे, आणि त्यालाही बंजोसारखी अंगठ्यानं वाजवायची एक आखूड तार असते. या संगीताला 'गोऱ्या डोंगरी लोकांचं संगीत' म्हणणं म्हणूनच साफ चुकीचं आहे. त्या समजाकडे पुढे येऊच.

जॅरेल यांचे वडील बेन जॅरेल फिडल वाजवायचे. 1927 साली त्यांच्या बँडनं इंडियाना राज्यातल्या रिचमंड इथं जेनेट कंपनीसाठी रेकॉर्ड केलं होतं. टॉमी आधी बंजो शिकले, मग फिडल, घरच्या आणि आसपासच्या माणसांकडून. पण पोट भरलं ते रस्त्यांच्या कामावर. राज्याच्या महामार्ग खात्यात त्यांनी चाळीस वर्षांच्या आसपास मोटर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलं. त्या काळात वादन मागे पडलं होतं. 1966मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर लवकरच पत्नी गेली, आणि फिडल पुन्हा हातात आलं. पुढे देशभरातून तरुण मुलं त्यांच्या घरी येऊ लागली. ते त्यांना शेजारी बसवून वाजवत, जेवूखाऊ घालत, राहूही देत. 1982मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान पहिल्यांदा दिला गेला, त्या पहिल्याच यादीत ते होते. 1985मध्ये ते गेले. त्यांचं फिडल आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

संग्रहालयात वाद्य राहतं, टेपवर चाल राहते. पण तार कशी लावायची आणि गज कसा फिरवायचा, हे गुडघ्याला गुडघा लावून बसल्याशिवाय नीट कळत नाही. ज्यांनी आपल्या घराचं दार उघडं ठेवलं, त्यांचाच ढंग पुढे गेला. हे मी ठामपणे म्हणतोय, आणि का ते वाद्यावरच दाखवतो.

(फिडल हातात.)

व्हायोलिनची नेहमीची लावणी, म्हणजे तारा सुरात लावायची पद्धत, जी-डी-ए-ई. पांढरी सहाला सा धरला तर या तारा होतात कोमल नी, म, सा, प. म्हणजे खालच्या दोन्ही तारा मोकळ्या वाजवल्या तर सा-पला आधार मिळत नाही. म्हणून खालच्या दोन्ही तारा एकेक पूर्ण स्वर चढवायच्या. जी होतो ए, डी होतो ई. झालं सा-प-सा-प.

याचे दोन फायदे. एक, मोकळ्या तारा आपोआप घुमतात. माइक नसलेल्या खोलीत, नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजावर मात करायला हे लागायचंच. दुसरा फायदा बोटांचा. वरच्या जोडीवर वाजवलेला तुकडा त्याच बोटांनी खालच्या जोडीवर वाजतो, फक्त एक सप्तक खाली.

आता काय बिघडतं ते ऐका. एक पूर्ण स्वर चढवला की तारेवरचा ताण जवळजवळ सव्वापट होतो. जुनी, गंजलेली तार इथंच तुटते. त्याहून मोठी अडचण घोडीची. खुंटी पिळली की तार घोडीचा माथा आपल्याबरोबर बोटं ठेवायच्या पट्टीच्या दिशेनं ओढते. चार-सहा वेळा असं झालं की घोडी झुकते, वाकते, आणि एक दिवस खाडकन पडते. म्हणून प्रत्येक वेळी तार चढवल्यावर वाद्य बाजूनं डोळ्यांसमोर धरा.

(कॅमेरा बाजूनं, घोडीच्या अगदी जवळ.)

हे बघा. घोडीची मागची, म्हणजे खालच्या टोकाकडची बाजू फिडलच्या पोटाशी काटकोनात उभी हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करा, दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत माथा धरा, आणि केसभर मागे घ्या. ताण असताना जोर लावू नका. खालच्या दोन तारा चढल्या की वरच्या दोन थोड्या उतरतात, म्हणून पूर्ण फेरी किमान दोनदा करायची. मग दहा मिनिटं थांबून तिसऱ्यांदा.

खुंटी घसरत असेल तर खुंटीला थोडी कोरडी खडूची पूड. हिवाळ्यात हवा कोरडी होते, लाकूड आक्रसतं, तेव्हा हे हमखास होतं. दमट हवेत उलटं, खुंटी फुगून अडकते. ज्यांना शक्य असतं ते दोन फिडल बाळगतात. एक कायम सा-प-सा-पमध्ये, दुसरं बाकीच्या लावण्यांसाठी.

बाकीच्या लावण्या थोडक्यात. पांढरी दोनच्या चालींना ए-डी-ए-ई, म्हणजे प-सा-प-रे. काही निवडक चालींना ए-ई-ए-सी शार्प, म्हणजे सा-प-सा-ग, त्यात सगळ्यात वरची तार खाली उतरवायची. चाल कुठल्या लावणीत आहे हे माहीत नसेल तर स्वर बरोबर येऊनही ती पोकळ वाटते.

आता गज. व्हायोलिन शिकलेली मंडळी इथं पूर्ण गज ओढतात आणि चाल लंगडते. गजाच्या मधली वीतभर जागा पुरे. मूळ ठेका एक लांब, दोन छोटे. दोन तारांना एकदम स्पर्श करायचा असल्यामुळे बरेच वादक घोडीचा माथा थोडा सपाट करून घेतात. डाव्या हाताचं कंपन पूर्ण बंद. आणि एक गोष्ट आपल्या कानांना लगेच जाणवेल. राउंड पीकच्या कित्येक चालींमध्ये गंधार शुद्धही नसतो आणि कोमलही नसतो, मध्येच कुठंतरी उभा असतो. पेटीवर तो सापडणारच नाही. शिकणारे बहुतेक जण नकळत तो शुद्ध करून टाकतात, आणि माझ्या मते या संगीताचं सर्वांत जास्त नुकसान तिथंच होतं.

(बंजो. उजव्या हाताचं जवळून दृश्य.)

बंजोला पाच तारा. पाचवी आखूड, तिची खुंटी दांड्याच्या कडेला पाचव्या पडद्यापाशी, आणि ती अंगठ्याच्या बाजूला. आकारानं आखूड म्हणून सुराला उंच. पांढरी पाचमध्ये लावला तर ही तार तारसप्तकातला सा, आणि बाकीच्या चार प-सा-ग-प. आपल्या पोवाड्यात शाहिरामागे तुणतुणं जे करतं, तेच ही तार करते. चाल कुठंही जावो, ती एकच स्वर टोचत राहते.

वाजवायची रीत म्हणजे क्लॉहॅमर. नावातच पंजा आणि हातोडा आहे. बोटं अर्धवट मिटा, हातात पेला धरल्यासारखी. तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली आदळायची. त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो, वाजवत नाही, नुसता टेकतो. मग पुन्हा नखानं दोन-तीन तारांवरून खाली फटकारा. हात वर जाताना अंगठा पाचवी तार सोडतो. लांब, छोटा, छोटा. फिडलच्या गजाचा ठेका हाच. दोन्ही वाद्यं एकमेकांत अडकतात ती इथं.

सुरुवात मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला 60 ठोक्यांनी करा. नाचाची लय 110 ते 120च्या आसपास असते, तिथं पोचायची घाई नको. नेहमीची चूक अशी की बोट उघडून टिचकी मारल्यासारखं वाजवलं जातं. बोट जिथल्या तिथं राहिलं पाहिजे, हलतो तो मनगट आणि कोपरापासूनचा हात. दुसरी चूक अंगठा उशिरा टेकण्याची. मग पाचवी तार प्रत्येक वेळी मागे पडते आणि ठेका विस्कटतो.

राउंड पीकच्या जुन्या वादकांत बिनपडद्यांचा बंजो फार प्रिय. फ्रेड कॉकरहॅम यांचं नाव त्यात आधी घेतात. पडदे नसल्यामुळे मींड घेता येते आणि तो मधला गंधारही नेमका लागतो. कातडं वासराचं असेल तर दमट दिवशी सैल पडतं, आवाज बद्द होतो. पावसाळ्यात डफ शेकून घेतात ना, तोच प्रकार. म्हणून आता बरेच जण प्लास्टिकचं आवरण लावतात. आवाज थोडा टणक येतो, पण हवेची काळजी मिटते.

आता मघाच्या समजाकडे. 1920च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजारपेठ रंगावरून वाटली. गोऱ्यांच्या तंतुवाद्य मंडळ्या एका यादीत, कृष्णवर्णीयांचे ब्लूज दुसऱ्या यादीत. फिडल-बंजो वाजवणारे कृष्णवर्णीय वादक दोन्हींतून बरेचसे निसटले. नॉर्थ कॅरोलायनातल्याच मेबनचे जो थॉम्पसन हे त्यांपैकी एक. 1918चा जन्म, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, आणि घराण्यातून आलेलं फिडल. त्यांच्या घरी आठवड्याला जाऊन शिकलेल्या तीन तरुणांनी 2005मध्ये कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा गट काढला. गायिका आणि बंजोवादक रिअ‍ॅनन गिडन्स त्यातल्याच. थॉम्पसन 2012मध्ये, नव्वदी पार करून गेले. ही शिकवणी दहा वर्षं लांबणीवर पडली असती तर त्यांच्या हाताचा ढंग समोर बसून घेणारं कुणी उरलं नसतं.

मग जुन्या रेकॉर्ड पुरेशा का नाहीत? मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. रात्रभर नाचाला वाजणारी चाल तेवढ्यात कापावी लागे. शिवाय सगळ्या तबकड्या नेमक्या 78नं कोरलेल्या नसत, त्यामुळे आज वाजवताना स्वर अर्ध्या सुरानं वर-खाली ऐकू येऊ शकतो. मूळ पट्टी ओळखायची तर मोकळ्या तारांची घुमणी कुठं येते ते ऐकायचं, आणि त्यावरून लावणी काढायची.

कुणा म्हाताऱ्या वादकाकडे, मग तो माउंट एअरीत असो की आपल्याकडे सांगोल्यात, जतन करायला म्हणून गेलात तर असं करा. आधी प्रत्येक मोकळी तार वेगळी रेकॉर्ड करा. मग चाल नेहमीच्या लयीत किमान पाच वेळा सलग, कारण दर आवर्तनात फरक असतो आणि तो फरकच शिकायचा असतो. मग संथ लयीत एकदा. एक कॅमेरा फक्त उजव्या हातावर. चाल कुणाकडून आली हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, नाहीतर ती अखंड वाजणाऱ्या तारेलाच गोंगाट समजून दाबून टाकते. फाइल वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि एक प्रत त्या वादकाच्या घरी, हे विसरू नका.

शार्लट आणि रॅलीमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी खास. माउंट एअरी शार्लटहून गाडीनं दोन तासांच्या आत, रॅलीहून अडीच तासांच्या आत. तिथलं डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ केंद्र 1948पासून हे संगीत वाजवतंय, शनिवारी सकाळी अर्ल थिएटरमधून थेट कार्यक्रम होतो. जूनच्या सुरुवातीला माउंट एअरीचं फिडलर्स कन्व्हेन्शन, म्हणजे वादकांचा मेळावा, ऑगस्टमध्ये सीमेपलीकडे गॅलॅक्सचं, ते 1935पासून चालू आहे. स्पर्धा मंचावर असते, पण खरी मजा वादक उतरतात त्या तंबूंमध्ये.

तंबूतल्या बैठकीत बसायचे रिवाज आहेत. पट्टी एकदा ठरली की तासन्‌तास तीच, कारण बदलली तर सगळ्यांना पुन्हा तारा लावाव्या लागतात. गिटार आधीच असेल तर आपली पिशवीत राहू द्या. दोन गिटारांचे सूर जुळले नाहीत की फिडलवाल्याची वाट लागते. चाल येत नसेल तर बाहेरच्या कड्यात बसून हळू वाजवा. साधारण चालीचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा, मिळून 64 मात्रा, एक आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास. पंधरा-वीस आवर्तनं सहज होतात. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला चाल ओळखीची होते, दहाव्याला हात आपोआप जातो.

थांबायचं कधी, ते कुणी बोलून सांगत नाही. फिडलवाल्याच्या पायाकडे लक्ष ठेवा. त्यानं एक पाय जमिनीवरून पुढे उचलला की हे शेवटचं आवर्तन.