चेंडूवरून नजर काढा : तरुण बेसबॉल खेळाडू पारखताना

मंडळी, खेळाडू पारखायला पहिल्यांदाच मैदानावर बसलेल्या माणसाला मी सर्वांत आधी सांगतो की चेंडूकडे पाहू नका. त्याला तेच सगळ्यांत जड जातं. प्रेक्षकाची नजर चेंडूमागे धावते, कारण निकाल चेंडूसोबत जातो. सतरा वर्षांच्या मुलाने आज दोन हिट मारले (चेंडू मारून सुरक्षित बेस गाठला) की एकही नाही, हे स्कोअरकार्डावर लिहिलेलं असतंच. स्काऊटला, म्हणजे क्लबसाठी खेळाडू पारखणाऱ्याला, शोधायचं असतं वेगळंच. हाच मुलगा पंचविशीत, कितीतरी वेगवान आणि चलाख पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर), काय करेल? याचं उत्तर चेंडू जिथे जाऊन पडला तिथे सापडत नाही.

मोजपट्टीबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, स्काऊट २० ते ८० या मापात गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. हिटिंग, पॉवर, धावण्याचा वेग, फिल्डिंग आणि आर्म, म्हणजे फेकीची ताकद, अशी पाच अंगं; त्यांना तिथे टूल्स म्हणतात. प्रत्येक अंगाला दोन आकडे द्यायचे, एक आजचा आणि एक उद्याचा. हायस्कूलमधल्या चांगल्या बॅटरचाही हिटिंगचा आजचा आकडा २५ किंवा ३० असू शकतो आणि त्याच्याच पुढे उद्याचा ५५ लिहिला जातो. हे मधलं अंतर कशाच्या आधारावर लिहायचं, त्यातच सगळी विद्या आहे.

पाचांपैकी दोन अंगं घड्याळ आणि रडार गन सांगतात. उजव्या हाताचा बॅटर चेंडू मारल्यापासून पहिल्या बेसवर सुमारे ४.३ सेकंदांत पोहोचला, तर तो मेजर लीगच्या सरासरीजवळ आहे. कॅचरच्या ग्लोव्हमधून निघालेली फेक दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये २ सेकंदांच्या आसपास पोहोचली, तर ठीक. पॉवरही सरावात चेंडू किती लांब जातो त्यावरून बरीचशी कळते. हिटिंग मात्र कोणत्याही यंत्रात पूर्ण मावत नाही. बिली बीन हा पाचही टूल्स असलेला मुलगा म्हणून १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्याच फेरीत निवडला गेला. मेजर लीगमध्ये तो १४८ सामने खेळला आणि त्याची बॅटिंग सरासरी राहिली ०.२१९, म्हणजे बॅटिंगच्या दर शंभर अधिकृत संधींत जेमतेम बावीस हिट. पुढे क्लब चालवण्यात त्याने मोठं नाव कमावलं. पण बॅटर म्हणून अनुभवी लोकांनी त्याच्यात जे पाहिलं होतं ते मैदानात उतरलं नाही.

बॅटरसमोरचं कोडं आधी समजून घेऊ. पिचरची पट्टी होम प्लेटपासून (बॅटर जिच्या शेजारी उभा राहतो ती पाटी) १८.४४ मीटरवर असते. ताशी ९५ मैलांची फास्टबॉल प्लेटवर यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. क्रिकेट पाहून वाढलेल्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं की इथे टप्पा नाही. जे काही वाचायचं ते पिचरच्या हातातून आणि हवेतल्या फिरकीतून वाचावं लागतं. म्हणून मारलेल्या चेंडूंपेक्षा सोडलेल्या चेंडूंवरून मला मुलाबद्दल जास्त कळतं. प्लेटच्या बाहेर निसटणाऱ्या स्लायडरवर (शेवटी बाजूला वळणारा पिच, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू) त्याचा पुढचा पाय पडला, कंबर वळायला लागली आणि तिथेच थांबली. हात मागेच राहिले. या मुलाने चेंडू ओळखला. दुसऱ्याने तोच स्लायडर सोडला, पण अंग आधीच पुढे झुकलेलं, हात निघून गेलेले, बॅट कशीबशी आवरलेली. पंचाने दोघांनाही ‘बॉल’च, म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेरचा पिच, दिला. स्काऊटच्या वहीत हे दोघे दोन वेगळ्या पानांवर जायला हवेत.

बसायचं कुठे, हेही महत्त्वाचं आहे. एका डावापुरतं प्लेटच्या मागे बसा. पिच कसा आला आणि मुलाने काय ठरवलं ते तिथून दिसतं. मग जागा बदला. उजव्या हाताच्या बॅटरसाठी पहिल्या बेसच्या बाजूला जा, म्हणजे त्याची छाती तुमच्याकडे असेल. तिथून हात कुठून सुटतात, डोकं किती हलतं, पुढचा गुडघा स्विंगच्या शेवटी ताठ होतो की कोसळतो, हे सगळं दिसतं. डोकं वर-खाली होत असेल तर डोळ्यांना दिसणारा चेंडूही वर-खाली होतो. सतराव्या वर्षी हात जरा लांबून येत असले तर मी फार काळजी करत नाही, ते शिकवता येतं. बॅटचा वेग आणि चेंडू बॅटच्या योग्य भागावर आणण्याची उपजत जाण या गोष्टी शिकवून फारशा वाढत नाहीत. त्या दिसल्या तर बाकीचे दोष लिहून ठेवायचे आणि पुढे जायचं.

फाऊल, म्हणजे बॅटला लागून मैदानाच्या रेषांबाहेर, गेलेल्या चेंडूंनाही लोक वाया गेलेले समजतात. सरळ मागच्या जाळीत गेलेला फाऊल सांगतो की मुलगा अगदी वेळेवर होता, बॅट फक्त चेंडूच्या जराशी खाली राहिली. उजव्या हाताच्या बॅटरचा प्रत्येक फास्टबॉल पहिल्या बेसकडे फाऊल जात असेल तर तो उशिरा पोहोचतोय. हायस्कूलमधल्या पिचरचा वेग बहुधा ताशी ऐंशी मैलांच्या आसपास असतो. त्या वेगालाच तो उशीर करत असेल, तर नव्वदीपुढे काय होणार याचा विचार तिथेच करावा लागतो.

शाळा-कॉलेजात धातूची बॅट वापरतात, तीही बरंच काही झाकते. अंगावर आलेला पिच मुठीजवळ लागला तरी चेंडू इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरांच्या, डोक्यावरून जाऊन पडतो आणि हिट नोंदला जातो. लाकडी बॅट असती तर बहुधा मोडली असती. कॉलेजात २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून या बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा आली, तरी फरक पुरता मिटलेला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड या कॉलेज खेळाडूंच्या लीगमध्ये १९८५ पासून लाकडी बॅट वापरतात. तिथल्या उन्हाळ्यातल्या सामन्यांना स्काऊट गर्दी करतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. मुलाला लाकडी बॅट हातात घेऊन चांगल्या वेगासमोर उभा पाहिल्याशिवाय हिटिंगचा उद्याचा आकडा लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या वेळी कर्व्हबॉलवर (हळू येऊन खाली वळणारा पिच) मुलगा पार फसला, तर उठून जाऊ नका. तिसऱ्यांदा तो प्लेटवर येतो तेव्हा काय बदललं ते पाहा. तोच कर्व्हबॉल या वेळी त्याने सोडला, किंवा थांबून विरुद्ध बाजूला मारला, मग भले तो झेलला जाऊन आऊट होवो. एका दुपारीत शिकणारा मुलगा सात-आठ वर्षांत कुठे पोहोचेल याचा हा माझ्या लेखी सगळ्यांत भरवशाचा पुरावा.

आता फिल्डिंग. इथे चेंडूवरून नजर काढणं आणखी गरजेचं आहे, कारण फिल्डिंगची खरी गोष्ट बॅटला चेंडू लागण्याआधी सुरू होते. पिच सुटताना शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे, पाहा. तो दोन्ही पायांवर हलका उतरतो का? कॅचरची खूण पाहून, पिच कुठे येणार हे जाणून, अर्धं पाऊल आधीच सरकतो का? चेंडू लागताक्षणी पहिलं पाऊल योग्य दिशेला पडलं, तर साधाच चेंडू साधेपणाने उचलला जातो आणि कोणी टाळ्या वाजवत नाही. ते पाऊल चुकलं की सूर मारावा लागतो, आणि टाळ्या सुराला मिळतात. आऊटफिल्डमध्येही हेच. मेजर लीगमध्ये २०१५ पासून बसवलेल्या स्टॅटकास्ट यंत्रणेने आऊटफिल्डरने पहिल्या तीन सेकंदांत योग्य दिशेने किती अंतर कापलं हे मोजायला सुरुवात केली. जुने स्काऊट जे डोळ्यांनी हेरत आले त्यावर आता आकडा आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

चुकांच्या रकान्याला मात्र फार मान देऊ नका. डेरेक जीटर १९९२ च्या ड्राफ्टमध्ये सहावा निवडला गेला, आणि १९९३ मध्ये ग्रीन्सबरोच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालची पातळी) संघात शॉर्टस्टॉपवर त्याने ५६ एरर्स केल्या. ज्याने फक्त आकडे वाचले असते त्याने त्याला दुसऱ्या जागी हलवलं असतं. त्याच्या क्लबने, यांकीजनी, हलवलं नाही. मेजर लीगच्या २० मोसमांत फिल्डर म्हणून तो फक्त शॉर्टस्टॉपवरच उभा राहिला आणि पाच गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फिल्डिंगचे पुरस्कार, घेऊन गेला. त्याच्या रेंजबद्दल, म्हणजे तो किती दूरच्या चेंडूपर्यंत पोहोचायचा याबद्दल, आकडेशास्त्रवाले आजही भांडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण पोराच्या वयातल्या चुकांची मोजणी आणि त्यांची कारणं वेगवेगळी तपासावी लागतात, एवढं यातून नक्की दिसतं. कठीण चेंडूपर्यंत पोहोचून झालेली चूक, घाईत उंच गेलेली फेक, ताठर हातांवरून उसळलेला चेंडू. स्कोअरकार्डात तिन्हींना एकच अक्षर मिळतं. पहिली मला आवडते, दुसरी सरावाने जाते. तिसरीपुढे मी थबकतो, कारण हातांचा ताठरपणा सहजी जात नाही.

शॉर्टस्टॉपकडे आणखी एक अदृश्य गोष्ट लागते, ती म्हणजे डोक्यातलं घड्याळ. धावणारा पहिल्या बेसवर ४.१ सेकंदांत पोहोचणारा आहे की ४.५, हे त्याला आधीच ठाऊक असतं. त्यानुसार तो वेळ घेतो किंवा पळता पळता खालून फेकतो. प्रत्येक चेंडूवर सारखीच घाई करणारा मुलगा कितीही चपळ असला तरी हे घड्याळ अजून लागलेलं नाही असं समजावं.

जागेबद्दल मन मोकळं ठेवा. शाळेत सगळ्यांत चांगला खेळाडू शॉर्टस्टॉपवरच उभा करतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आणि आऊटफिल्डमध्ये दिसणारे अनेक जण मूळचे शॉर्टस्टॉपच असतात. मूकी बेट्स २०११ मध्ये पाचव्या फेरीत इनफिल्डर म्हणून निवडला गेला, राईट फिल्डमध्ये सहा गोल्ड ग्लोव्ह जिंकला आणि तिशी ओलांडल्यावर शॉर्टस्टॉपवर उभा राहिला. पायांची समज चांगली असेल तर जागा बदलून घेता येते.

शरीराचा अंदाज करताना मात्र पूर्वग्रह फार पटकन शिरतात. होजे आल्टुव्हेला व्हेनेझुएलातल्या चाचणीत कमी उंचीमुळे परत पाठवलं होतं. तो पुन्हा आला, २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरांवर करारबद्ध झाला आणि तीनदा बॅटिंगचा किताब जिंकला. पुढे मेजर लीगचा मोठा तारा झालेला माइक ट्राउट २००९ मध्ये २५ वा निवडला गेला. त्याला निवडणाऱ्या एंजल्स क्लबकडे २४ वी निवडही होती. तिच्यावर त्यांनी दुसऱ्याच आऊटफिल्डरचं नाव घेतलं होतं. न्यू जर्सीच्या थंडीत मोसम आखूड, त्यामुळे अनेक क्लबांनी ट्राउटला पुरेसं पाहिलंच नव्हतं. ग्रेग मोरहार्ट या स्काऊटने पाहिलं होतं, आणि मुलाच्या वडिलांसोबत तो स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला असल्याने ते घरही त्याला माहीत होतं. ड्राफ्टच्या दिवशी ट्राउट सतरा वर्षांचा होता. एकाच वर्गातल्या दोन मुलांमध्ये दीड वर्षाचं अंतर असू शकतं, म्हणून जन्मतारीख अहवालाच्या पहिल्या ओळीत यायला हवी.

स्वभावाबद्दल विचारलं की मी सांगतो, मुलाखतीच्या आधी मैदान पाहा. प्लेटवर तीन पिचमध्ये बाद झालेला मुलगा पुढच्या डावात फिल्डवर उतरतो. त्या डावातला पहिला पिच सुटताना त्याचे पाय तयार आहेत का, की तो अजून मागच्या स्विंगमध्येच अडकलाय? हिटिंग आणि फिल्डिंगचे रकाने अहवालात वेगळे असतात, पण हे निरीक्षण दोन्हीकडे लिहा. आणि अहवाल पाठवण्याआधी तो मुलगा वेगळ्या पिचरसमोर पुन्हा कधी खेळणार आहे ती तारीख काढा, आणि त्या दिवशी पुन्हा जा.